भुतांच्या मेजवानीत आजी-आजोबांचाही पेला

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की औंध, बाणेर, खराडी, मगरपट्टा या भागांतील अनेक गृहसंकुलांच्या सूचनाफलकावर एक नवी सूचना झळकू लागते : ३१ तारखेला सायंकाळी मुलांचे हॅलोवीन. मग नातवंडे काळे झगे आणि चेटकिणीच्या टोप्या शोधू लागतात, सूनबाई चॉकलेटांचा हिशेब करतात, आणि आपण, म्हणजे घरातील ज्येष्ठ मंडळी, काहीसे कुतूहलाने आणि काहीसे अंतर राखून हा सोहळा पाहत बसतो. हा सण आपला की परका, हा वाद प्रस्तुत लेखाचा विषय नाही. नातवंडे दारात येऊन उभी राहिली की तो वाद आपोआप मिटतो. विषय आहे तो त्या संध्याकाळी हातात येणाऱ्या पेल्याचा.

अशा मेजवानीत मुलांसाठी बहुधा रंगीबेरंगी, फसफसणारे मॉकटेल असते. मॉकटेल म्हणजे मद्य नसलेले, परंतु मद्याच्या पेल्याचा थाट असलेले पेय. आपण त्याला सरळ सरबत म्हटले असते. ते सर्वांना वाटले जाते आणि ज्येष्ठांपर्यंत तबक आले की नेमकी अडचण होते. कुणी म्हणते, ‘आजोबांना साखर आहे, त्यांना नको.’ कुणी म्हणते, ‘एका दिवसाने काय होते, घेऊ द्या.’ पहिल्या वाक्याने माणूस एकटा पडतो आणि दुसऱ्याने आजारी पडू शकतो. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे. पेय मुळातच असे करावे की पाच वर्षांच्या नातीपासून ऐंशी वर्षांच्या आजीपर्यंत बहुतेकांना तेच चालेल, आणि ज्यांना चालणार नाही त्यांच्यासाठी करावयाचा बदल पेल्याबाहेरून दिसणार नाही. ती वाट कशी चालावी, हे येथे पाहू.

परक्या सणाची थोडी ओळख

हॅलोवीनचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील केल्टिक लोकांच्या सॅव्हिन या सणात सांगतात. सुगी संपून हिवाळा सुरू होण्याच्या सांध्यावरचा हा सण. त्या रात्री मृतांचे जग आणि जिवंतांचे जग जवळ येते, असा समज होता. पुढे ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली रात्र म्हणजे हॅलोवीन झाली. आज भोपळा कोरून त्यात दिवा ठेवतात. आयर्लंडमध्ये पूर्वी त्यासाठी सलगम कोरत. ही प्रथा अमेरिकेत गेली तेव्हा तेथे मुबलक मिळणारा भोपळा तिला सापडला.

सर्वपित्री अमावास्येला पितरांसाठी पान वाढणाऱ्या आपल्या समाजाला ही कल्पना फार अनोळखी वाटू नये. ऋतू पालटताना गेलेल्यांची आठवण काढावी आणि अंधारात दिवा लावावा, हे दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की तिकडे त्याला मुलांच्या खेळाचे रूप आले. नातवंडांना ही गोष्ट सांगण्यास आपल्याइतके योग्य कोणी नाही. तेव्हा त्या संध्याकाळी आपली जागा कोपऱ्यातल्या खुर्चीत न राहता गोष्ट सांगणाऱ्याच्या आसनावर असू शकते.

पुणे आणि फसफसणारे पाणी

मॉकटेल हा शब्द नवा असला तरी पुण्याला फसफसणाऱ्या पाण्याची ओळख जुनी आहे. १८८४ मध्ये कॅम्पात अर्देशीर आणि सन्स या इराणी कुटुंबाचा सोड्याचा व्यवसाय सुरू झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, आज आपण महात्मा फुले मंडई म्हणून ओळखतो ती इमारत उभी राहिली. म्हणजे एका बाजूला सोडा आणि दुसऱ्या बाजूला फळे, अशी या शहराची जोडी सुमारे एकशेचाळीस वर्षांची आहे. आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी कॅम्पातील रासबेरी सोडा किंवा जिंजर चाखले असेल. गोटी सोडा तर बहुतेकांना आठवत असेल : अंगठ्याने गोटी आत ढकलावी, ‘फट्’ असा आवाज व्हावा आणि फेस वर यावा.

ही गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ मध्ये तयार केली. तिच्यातील गोटी तोंडाशी घट्ट बसते ती आतील वायूच्या दाबामुळे. वायू पाण्यात विरघळविण्याची युक्ती त्याहून जुनी आहे. १७६७ मध्ये जोसेफ प्रीस्टली हे इंग्लंडमधील लीड्स येथे एका मद्यनिर्मितीगृहाशेजारी राहत होते. आंबत असलेल्या पिंपावर पाण्याचे भांडे धरले असता त्या पाण्यात वायू उतरतो आणि त्याला सुखद चव येते, असे त्यांना आढळले. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. आजच्या प्रत्येक सोड्याच्या बाटलीत तोच असतो.

बुडबुडा दोन प्रकारचा

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे, कारण रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांचे हित त्यात आहे. पाण्यात फेस दोन मार्गांनी आणता येतो. पहिला मार्ग म्हणजे दाबाखाली वायू विरघळविणे. गोटीची बाटली, साध्या सोड्याची बाटली आणि घरगुती सोडायंत्र यांचे काम असे चालते. वायूत सोडियम नसते. दुसरा मार्ग म्हणजे लिंबाच्या रसात किंवा पाण्यात खाण्याचा सोडा अथवा पोटासाठी मिळणारी फसफसणारी पूड घालणे. त्यातही शेवटी तोच वायू सुटतो. परंतु खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, आणि वायू उडून गेला तरी त्यातील सोडियम पेल्यातच राहते. अर्धा चहाचा चमचा खाण्याच्या सोड्यातून साधारण सहाशे मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा दोन हजार मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. म्हणजे एका पेल्यात दिवसाचा जवळजवळ तिसरा हिस्सा संपतो.

म्हणून आपल्या पेयात खाण्याचा सोडा किंवा तशी पूड घालू नये. बाजारातील सोड्याची बाटली घेतानाही वेष्टनावरील घटक वाचावेत. काही बाटल्यांत चवीसाठी सोडियमचे क्षार मिसळलेले असतात. ज्यात केवळ पाणी आणि कार्बन डायऑक्साइड आहे, किंवा सोडियम सर्वांत कमी आहे, ती बाटली निवडावी. अक्षरे बारीक असतात. ती वाचून दाखविण्याचे काम नातवाला द्यावे.

एक गफलत विशेष टाळावी. ‘टॉनिक वॉटर’ नावाची बाटली सोड्यासारखीच दिसते, पण तिच्यात साखर असते आणि कडवटपणासाठी क्विनीनही असते. हृदयाच्या ठोक्यांसाठी किंवा रक्त पातळ करण्यासाठी औषध घेणाऱ्यांनी ती टाळलेली बरी.

साखरेचा हिशेब

कोलासारख्या शीतपेयात दर शंभर मिलिलिटरला साधारण दहा ते अकरा ग्रॅम साखर असते. तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत ती तीस ग्रॅमच्या पुढे जाते. चहाच्या चमच्याने मोजली तर सहा-सात चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार बाहेरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून रोजच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. पाच टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे प्रमाण अनुक्रमे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम भरते. एका बाटलीत पंचविसाची रेषा ओलांडली जाते.

फळांचा रस नैसर्गिक असतो, म्हणून तो हवा तेवढा प्यावा, हा समजही खरा नाही. अख्खे फळ खाताना चोथा पोटात जातो, चावायला वेळ लागतो आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. रस काढला की चोथा गाळणीत राहतो आणि साखर तेवढी पेल्यात येते. म्हणून आपल्या पेयात रस थोडा, सोडा पुष्कळ, आणि चवीचा भार आले-लिंबावर, असे धोरण ठेवू.

भुताचा पेला : साहित्य आणि कृती

ऑक्टोबरअखेर पुण्याच्या बाजारात डाळिंब चांगले मिळते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेल्या ‘भगवा’ वाणाचे दाणे गर्द लाल असतात. भुताखेतांच्या मेजवानीला शोभणारा लाल रंग येथे निसर्गच देतो. बाटलीतील रंगाची गरज उरत नाही. त्याच्या जोडीला आपण कुंपणावरची निळी गोकर्ण घेणार आहोत. तिच्या पाकळ्यांच्या निळ्या रंगाचा एक गुण असा की लिंबाचा आंबटपणा लागताच तो जांभळा होतो. मुलांना जादू दिसते आणि आपल्याला रसायनशास्त्राचा छोटा पाठ देता येतो.

*आठ पेल्यांसाठी साहित्य :*

- मोठी डाळिंबे ४ (रस सुमारे ४०० मिलिलिटर)
- लिंबे ३
- आल्याचा दोन बोटांच्या पेरांएवढा तुकडा
- साधा सोडा, थंडगार, ८०० मिलिलिटर
- निळ्या गोकर्णीची फुले १५ ते २० (हौसेपुरती; नसल्यास वगळावीत)
- पुदिन्याची पाने
- उकळून गार केलेल्या पाण्याचे बर्फाचे खडे

*पूर्वतयारी.* गोकर्णीची फुले औषधफवारणी न झालेल्या वेलीवरचीच घ्यावीत. हिरवा देठ काढून केवळ पाकळ्या धुवाव्यात. बिया आणि मूळ रेचक असतात, ती अजिबात वापरू नयेत. एक कप कढत पाण्यात पाकळ्या दहा मिनिटे ठेवून गाळाव्यात. गडद निळे पाणी मिळेल, ते थंड करावे. घरात गर्भवती असल्यास तिच्या पेल्यात हे पाणी घालू नये.

*रस.* डाळिंबाचे दाणे मिक्सरमध्ये टाकून यंत्र दोन-तीन वेळा क्षणभरच फिरवावे. फार फिरविल्यास बिया भरडल्या जाऊन रस कडवट-तुरट होतो. बारीक गाळणीतून गाळून त्यात लिंबाचा आणि किसलेल्या आल्याचा रस मिसळावा. साखर नाही, मीठ नाही, काळे मीठही नाही. काळे मीठ हेदेखील मुख्यत्वे मीठच असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये.

*पेला भरणे.* हे काम पाहुणे बसल्यावरच करावे. थंड पाण्यात वायू अधिक टिकतो, म्हणून रस, सोडा आणि पेले अगोदर गार करून ठेवावेत. पेल्यात दोन-तीन बर्फाचे खडे, त्यावर सुमारे ६० मिलिलिटर मिश्रित रस, म्हणजे चार मोठे चमचे. मग पेला थोडा तिरका धरून कडेने हलकेच १०० मिलिलिटर सोडा ओतावा. वरून धसमुसळेपणाने ओतल्यास निम्मा फेस तेथेच उडून जातो. शेवटी चमचा उपडा धरून त्याच्या पाठीवरून दीड-दोन चमचे निळे पाणी सोडावे. खाली लाल, वर निळे, आणि दोहोंच्या सीमेवर हळूहळू उतरत जाणारा जांभळा धूसर पट्टा दिसेल. हा थर फार वेळ टिकत नाही; तो विरघळताना पाहण्यातच मुलांची मजा आहे. वर पुदिन्याचे पान ठेवावे.

अशा एका पेल्यात डाळिंबाच्या रसातून येणारी साखर साधारण सहा ते सात ग्रॅम असते. तेवढ्याच कोलात ती सुमारे वीस ग्रॅम असती.

कोणासाठी काय बदलावे

*मधुमेह.* डाळिंबाचा रस पेल्यामागे वीस मिलिलिटर करावा आणि लिंबू, आले व सोडा वाढवावा. रंग फिकट वाटल्यास कोमट पाण्यात भिजविलेल्या आमसुलांचे लाल पाणी घालावे. आमसुलांना बहुधा मीठ लावलेले असते आणि कोकमाच्या आगळात तर हमखास असते; म्हणून आगळ टाळावे आणि आमसुले धुऊन घ्यावीत. पेला एकच, आणि रिकाम्या पोटी न घेता खाण्याबरोबर.

याच संदर्भात काळजी घेणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. मेजवानीच्या दिवशी मधुमेही ज्येष्ठांना खरा धोका पुष्कळदा गोडापेक्षा लांबलेल्या जेवणाचा असतो. इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी गोळी नेहमीच्या वेळी घेतली जाते आणि जेवण मात्र खेळ संपेपर्यंत, दहा वाजेपर्यंत, पुढे ढकलले जाते. मग घाम सुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. गर्दीत कुणाला वाटते, आजोबा थकले. अशा वेळी साखर तपासावी. ती सत्तरच्या खाली असल्यास, किंवा तपासणे शक्य नसल्यास, तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. त्या क्षणी बिनसाखरेचे पेय उपयोगाचे नाही. साखर उतरल्यावर औषध साखरच असते. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. म्हणून त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर साखरेचा एक छोटा डबा आणि चमचा दिसेल असा ठेवावा, आणि ज्येष्ठांचे जेवण त्यांच्या वेळेवरच वाढावे.

*मूत्रपिंडाचा विकार.* अशा रुग्णांना पोटॅशियम जपावे लागते. शहाळ्याच्या पाण्यात दर शंभर मिलिलिटरला साधारण दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते; डाळिंब, संत्रे आणि मोसंबी यांच्या रसांतही ते पुरेसे असते. ‘सोड्यापेक्षा शहाळे केव्हाही चांगले’ हा प्रेमळ सल्ला त्यांच्यासाठी घातक ठरू शकतो. त्यांच्या पेल्यात आले, थोडे लिंबू आणि सोडा एवढेच ठेवून रंगासाठी चमचाभर डाळिंबाचा रस पुरे, तोही डॉक्टरांनी फळांची मोकळीक दिली असेल तर. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना दिवसाचे पाणी मोजून दिले जाते, त्यांचा हा पेला त्या मोजमापात धरावा.

*औषधे आणि फळे.* दिवाळीच्या सुमारास बाजारात पपनस येते. त्याच्या पाकळ्या सुंदर दिसतात आणि त्या पेयात घालण्याचा मोह होतो. परंतु परदेशी ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून आलेले फळ आहे, आणि ग्रेपफ्रूटमधील काही द्रव्ये शरीरात औषधांचे विघटन रोखतात, हे सिद्ध आहे. त्यामुळे कोलेस्टेरॉलवरील काही स्टॅटिन, रक्तदाबावरील काही गोळ्या आणि अवयवरोपणानंतरची औषधे यांचे रक्तातील प्रमाण अनपेक्षित वाढते. तशी द्रव्ये पपनसातही आढळतात. म्हणून सर्वांसाठीच्या पेयात पपनस नको. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी डाळिंबाचा रसही एकाएकी भरपूर घेऊ नये; आपल्या डॉक्टरांना अगोदर एक दूरध्वनी करावा.

*आम्लपित्त.* सोड्याने पोट फुगते, ढेकर येतात आणि जळजळ असणाऱ्यांची जळजळ वाढू शकते. त्यांचा पेला दहा-पंधरा मिनिटे अगोदर भरून, चमच्याने ढवळून निम्मा वायू जाऊ द्यावा. किंवा सोड्याऐवजी गार पाणी घालावे. रंग तोच राहतो आणि कुणाला कळतही नाही. पेय झोपण्याच्या निदान दोन-तीन तास आधी संपलेले असावे.

*गिळण्याचा त्रास.* पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश यांत पातळ पेय श्वासनलिकेत जाऊन ठसका लागण्याचा आणि पुढे फुप्फुसांना संसर्ग होण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी किंवा वाचा-उपचारतज्ज्ञांनी जाडसर पेय देण्यास सांगितले असेल, तर मेजवानीच्या दिवशीही तो नियम मोडू नये. हाच गाळलेला रस सोड्याविना, त्यांनी सांगितल्याप्रमाणे दाट करून, त्याच पेल्यात चमच्याने द्यावा. व्यक्ती ताठ बसलेली असावी आणि गप्पा मारता मारता भरवू नये.

*दात.* लिंबू, फळांचा रस आणि सोडा ही तिन्ही आम्लधर्मी. पेय रेंगाळत घोट घोट घेण्यापेक्षा थोड्या वेळात संपवावे, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास दात घासू नयेत.

थाट असावा, धोका नसावा

हॅलोवीनच्या पेल्यातून धूर निघताना चित्रांत दिसतो. तो बहुधा कोरड्या बर्फाचा, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइडचा असतो. त्याचे तापमान उणे अठ्ठ्याहत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तोंडाला लागल्यास तो भाजल्यासारखी जखम करतो, आणि पोटात गेल्यास त्याचा वायू फुगून अंतर्गत इजा होऊ शकते. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्राम येथील एका उपाहारगृहात पाच जणांच्या तोंडातून रक्त येऊन त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. मुखशुद्धी म्हणून समोर आलेला पदार्थ कोरडा बर्फ असल्याचे वृत्त तेव्हा आले होते. बंद खोलीत हा वायू साचला तर श्वासालाही त्रास होतो. घरच्या मेजवानीत त्याला जागा नाही.

पेल्यात ‘डोळे’ म्हणून अख्खी द्राक्षे सोडण्याची टूम आहे. लहान मुलांच्या आणि दात नसलेल्या ज्येष्ठांच्या घशात अख्खे द्राक्ष नेमके अडकते. घालावयाचीच असतील तर उभी चिरून प्रत्येकी चार भाग करावेत. प्लॅस्टिकचे कोळी आणि पाली टेबलावर हव्या तेवढ्या ठेवाव्यात, पेल्यात एकही नसावी. दृष्टी अधू असलेल्या आजींना ती शेवटच्या घोटापर्यंत दिसत नाही.

शोभेसाठी संत्र्याची साल पुरेशी आहे. संत्र्याचा वरचा भाग टोपीसारखा कापावा, चमच्याने गर काढून खाऊन टाकावा आणि सालीवर डोळे व दात कोरावेत. आत बॅटरीवरचा छोटा दिवा ठेवला की भोपळ्याची धाकटी बहीण तयार होते. हे काम बसून करता येते आणि भोपळ्यापेक्षा कितीतरी मऊ असल्याने सुरीला जोर लावावा लागत नाही.

ज्येष्ठांना काम द्यावे

काळजी घेणाऱ्यांना विशेष सांगणे असे की घरातील ज्येष्ठांना केवळ पाहुणे करून बसवू नये. डाळिंब सोलणे हे उत्तम काम आहे. बोटांना हालचाल मिळते, डोळ्यांसमोर काम पूर्ण होताना दिसते, आणि ज्यांची स्मृती क्षीण झाली आहे त्यांच्या हातांना ते पुष्कळदा जुन्या सवयीने जमते. चार डाळिंबे सोलण्यास एखादी दुपार लागली तरी बिघडत नाही. लिंबू पिळणे, पुदिन्याची पाने निवडणे, निळे पाणी ओतून रंग पालटविणे ही मानाची कामेही त्यांच्याकडेच असू द्यावीत. ‘जादू आजोबा करणार’ असे एकदा जाहीर झाले की मुले त्यांच्याभोवतीच गोळा होतात.

मात्र काही पथ्ये पाळावीत. मुखवटे आणि अंधार यांमुळे स्मृतिभ्रंश असलेली व्यक्ती भेदरू शकते. तिला अगोदर सांगावे, मुलांना तिच्यासमोर मुखवटा काढून नमस्कार करायला लावावा, आणि घरातील एक खोली उजेडाची व शांत ठेवावी. बैठकीतील दिवे मंद केले तरी स्वच्छतागृहाची वाट उजळलेली असावी. सांडलेले सरबत तत्काळ पुसावे. ओल्या फरशीवरची एक घसरण कित्येक महिन्यांचे अंथरूण ठरू शकते. पेलाही विचारपूर्वक निवडावा. उंच दांड्याचा नाजूक पेला थरथरत्या हाताला पेलवत नाही. रुंद बुडाचा, निम्मा भरलेला पेला बरा, आणि तो सर्वांनाच द्यावा, म्हणजे कुणा एकाचा वेगळा दिसत नाही.

आणखी एक फायदा या पेयात दडलेला आहे. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते. पुण्यातील ऑक्टोबरची दुपार तापलेली असते आणि संध्याकाळी गारवा आला की ज्येष्ठ मंडळी पाणी प्यायचे विसरतात. ‘आई, पाणी प्या’ असे दहा वेळा सांगून जे होत नाही, ते नातीने पुढे केलेल्या रंगीत पेल्याने सहज होते. ३१ ऑक्टोबर ओसरल्यावरही आले-लिंबाचा हा पेला, डाळिंब वगळून आणि गार पाण्यात, दुपारच्या वेळी चालू ठेवता येईल. मूत्रपिंड किंवा हृदयाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असणाऱ्यांचा अपवाद अर्थातच कायम राहील.

यंदा सूचनाफलकावर ती सूचना दिसली की मंडईतून चार डाळिंबे आणून ठेवावीत आणि सूनबाईंना सांगून टाकावे की या वर्षी सरबताचे खाते आपल्याकडे. औषधांची यादी मात्र त्याच दिवशी एकदा डोळ्यांखालून घालावी, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारण्याचे काम ३० तारखेपूर्वी उरकावे. मेजवानीच्या रात्री दूरध्वनी उचलला जाईलच असे नाही.